आधी तुमच्या गळ्यात घाला

सोसायटीचे प्रमुख ठाकोरभाई संध्याकाळी चहाला येणार होते, आणि हेमराज बोरसेच्या घरात चहापेक्षा कुत्र्याचीच काळजी जास्त होती. काल जिन्यातच ठाकोरभाईंनी त्याला गाठलं होतं. "हेमराजभाई, कूतरानी बहु फरियाद आवे छे. उद्या मी येतो, बसतो, चहा पितो. मी असताना तो भुंकला, तर परवा त्याला गावी धाडायचा. नाही भुंकला, तर विषय संपला."

गाव म्हणजे पारोळ्याजवळचं हेमराजच्या भावाचं शेत. तिथे राखणीला तीन दांडगी कुत्री आधीच होती. चहात बुडवलेल्या पावावर वाढलेल्या खमणचा त्यांनी एका दिवसात फडशा पाडला असता.

खमण हे कुत्र्याचं नाव. लेकीने, सोनालीने, त्याला खमण-ढोकळ्याच्या गाडीखालून उचलून आणलं होतं, आणि रंगही तसाच पिवळा होता. सोनाली आता बारडोलीला नर्सिंग शिकत होती. रोज फोन करायची आणि आधी विचारायची, "खमण कसा आहे?" बाप कसा आहे, हे तिसऱ्या-चौथ्या प्रश्नात यायचं. हेमराज वरवर म्हणायचा, "मला काय करायचंय कुत्र्याचं!" पण ताटातली शेवटची चतकोर भाकरी टेबलाखाली जायची, हे धनश्रीला ठाऊक होतं आणि खमणला तर होतंच होतं.

आता हेमराजबद्दल. हा गृहस्थ लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात मास्टर. अर्धं आयुष्य खडखडाटात गेलेलं, त्यामुळे हळू बोलणं नावाची गोष्ट तो साफ विसरलेला. घरात त्याने "मीठ दे" म्हटलं, की खालच्या मजल्यावरच्या बायका आपापल्या बरण्यांकडे बघायच्या. त्यांच्या लिंबायत भागात रिक्षांचे हॉर्न काही कमी नाहीत, पण त्यातही हेमराजचा फोन सुरू झाला की गल्लीला कळायचं. स्वतः हेमराजला मात्र वाटायचं, आपण अगदी बेताचं बोलतो. आणि दुसरं वाटायचं, की शिस्त लावावी तर आपणच. कारखान्यात त्याने महेश नावाच्या हाताखालच्या कारागिराला सांगूनही टाकलं होतं, "एवढी माणसं सरळ केली मी, कुत्रं काय चीज आहे? आज भुंकणं बंद करायचा पट्टा येतोय. उद्या विचार, सांगतो."

दुपारी पट्टा आला. काळा, नायलॉनचा, त्यावर काडेपेटीएवढी डबी आणि डबीला आतून दोन लोखंडी दाणे. हेमराजने कागद उघडून वाचायला घेतला.

"कुत्रं भुंकलं की आधी पीं वाजतं. मग थरथरतं. तरी नाही ऐकलं तर झटका. बारीक असतो गं. शिक्षणाचा."

धनश्री साड्यांच्या ढिगाऱ्यात बसून सुटे धागे कापत होती. घरबसल्या हे काम ती करायची, आणि त्यामुळे घरात चमच्यांपेक्षा कात्र्या जास्त होत्या. तिने हातातली कात्री खाली ठेवली.

"मुक्या जिवाला करंट देणार तुम्ही?"

"बारीक असतो म्हटलं ना!"

"बारीक असतो ना? मग आधी तुमच्या गळ्यात घाला."

खरं तर इथेच हसून विषय मिटवायचा. पण हेमराज मास्टर होता, आणि मास्टरला बायकोने आव्हान दिलं की त्याचं डोकं रजेवर जातं. "घालतो की! हे बघ!" असं म्हणत त्याने पट्टा गळ्यात अडकवला, मानेमागे खटका बसवला आणि डबीवरचं बटण दाबलं.

"बघितलं? काही होत नाही!"

डबी पीं करून वाजली.

"अगं वाजली की!"

डबी थरथरली.

"आयला, हे तर माझ्याच—"

आणि मग शिक्षण मिळालं. हेमराज जागच्या जागी वीतभर उडाला. "ओ माय वं! मरी गऊ!" असं तो आपल्या अस्सल लूमच्या आवाजात ओरडला. पट्ट्याला माणूस आणि कुत्रं यातला फरक काही कळत नव्हता, मोठा आवाज तेवढा कळत होता. त्याने दुसरा झटका दिला. मालक नाचतोय हे बघून खमण आनंदाने भुंकायला लागला. त्याचं भुंकणंही डबीने इमानदारीत ऐकलं आणि त्याचीही शिक्षा हेमराजलाच दिली.

"खमण, चूप!" हेमराज ओरडला. हे ओरडणं तर फारच महागात पडलं.

शेवटी दोन्ही हात तोंडावर दाबून तो भिंतीला टेकला. ओरडणं थांबलं तसं खमणचं भुंकणंही थांबलं. शेपूट हलवत त्याने खाली पडलेला तो माहितीचा कागद उचलला आणि कोपऱ्यात नेऊन चावून चावून गिळून टाकला.

हेमराजने मागे हात नेऊन खटका ओढला. खटक्याचा दाबायचा भाग तुटून हातात आला, पट्टा गळ्यातच राहिला. मग त्याने बंद करायला म्हणून डबीवरचं बटण दाबलं. डबी बंद झाली नाही, उलट झटक्याच्या जोराचा तिच्यावरचा तीनचा आकडा जाऊन तिथे पाच आला. बटण किती वेळ दाबलं की बंद होतं, ते त्या कागदावर होतं. कागद खमणच्या पोटात होता.

"धनश्री," हेमराज पुटपुटला. इतक्या हळू, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "कात्री दे."

धनश्रीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, साड्या उचलल्या, परत ठेवल्या. "आता तर इथंच होती. सापडून नाही राहिली."

"घरात सात-आठ कात्र्या आहेत!" हेमराज जरा वर चढला. पीं. तो लगेच खाली उतरला. "आहेत ना गं?"

"आहेत. पण एक सापडेल तर शपथ. तुम्ही गप बसा, मी बघते."

तेवढ्यात फोन वाजला. कारखान्यातून महेश. मागे लूमचा धडाका चालू.

"मास्टर! चार नंबर बंद पडला! काय करू?"

"मोटरचा पट्टा बघ," हेमराज कुजबुजला.

"काय?"

"पट्टा... पट्टा बघ."

"मास्टर, आवाज नाही येत! दवाखान्यात आहात का? काय व्हयनं?"

"काही नही," हेमराज कळवळून म्हणाला. पलीकडे महेश कुणालातरी ओरडून सांगताना ऐकू आला, "मास्टरचा आवाज गेला रे! सिरियस आहे वाटतं!" आणि फोन कट झाला. पाच मिनिटांत तब्येतीची चौकशी करणारे आणखी चार फोन आले. हेमराजने ते नुसते बघितले.

आणि मग बेल वाजली. ठाकोरभाई अर्धा तास आधीच आले होते, सोबत तक्रार करणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या सरलाबाईही. हेमराजने दाराआड लटकलेला गमछा ओढून गळ्याभोवती गुंडाळला. कारखान्यातून आलेला गमछा तो, सुताच्या बारीक तंतूंनी भरलेला.

"या," तो म्हणाला. "बसा."

ठाकोरभाई दारातच थबकले. या घरातून इतका मऊ आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. "हेमराजभाई, तबियत तो सारी छे ने?"

"सारी छे," हेमराज म्हणाला.

चहा आला. चहा संपला. खमण दाराजवळ पाय पसरून पडला होता. त्याने ठाकोरभाईंकडे एकदा बघितलं, सरलाबाईंकडे एकदा बघितलं आणि जांभई दिली. ठाकोरभाईंनी मुद्दाम खुर्ची सरकवली, काठी आपटली. खमणने कान हलवला, बस्स. धनश्रीने दुसरा चहा टाकला.

"रोज भुंकतो हो हा," सरलाबाई चुळबुळल्या. "मी काय खोटं सांगते का? हे हेमराजभाऊ आले की भुंकतो. यांचा फोन सुरू झाला की भुंकतो. हे 'धनश्री, टॉवेल!' म्हणून ओरडले की भुंकतो..." बोलता बोलता त्या थांबल्या आणि हेमराजकडे टक लावून बघायला लागल्या. धनश्रीही बघायला लागली. ठाकोरभाईंनी कप बशीत ठेवला आणि तेही बघायला लागले.

हेमराजच्याही डोक्यात उजेड पडला. पण हे कळल्याचं दुःख करायलाही त्याला वेळ मिळाला नाही, कारण नेमका गमछ्यातला एक तंतू नाकात शिरला होता. त्याने नाक दाबलं. श्वास रोखला. देवाचं नाव घेतलं. पण शिंक आलीच, आणि हेमराजची शिंकही लूमच्याच मापाची होती.

एवढ्या आवाजाला डबीने पीं आणि थरथर दोन्ही वगळलं, आणि झटका थेट पाच नंबरचा बसला. ओरडला असता तर दुसरा बसला असता आणि खमणही सुरू झाला असता. म्हणून हेमराजने गमछ्याचं टोक दातांत धरलं, गुडघे घट्ट आवळले आणि नुसता थरथरत बसून राहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. खमण उठला, हळूच जवळ आला आणि त्याने हेमराजच्या पायावर डोकं ठेवलं.

ठाकोरभाईंना हे बघवेना. त्यांनी हेमराजच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, अरे, हेमराजभाई, रडशो नहीं! एवढी माया आहे कुत्र्यावर, मला काय माहीत? कूतरो भले रह्यो! जनावर तर एकदम शांत आहे. कुठे नाही जात तो."

हेमराजने मान हलवली. आधी झटक्याने आलेलं पाणी आता थांबायला पाहिजे होतं, पण ते थांबेना, आणि हे मात्र झटक्याचं नव्हतं.

दारातून निघताना सरलाबाई जरा मागे रेंगाळल्या. गमछा घसरला होता आणि खालचा काळा पट्टा त्यांना दिसला होता. त्या धनश्रीच्या कानाशी लागल्या. "मोठ्या मापात मिळतो का गं हा? आमच्या ह्यांची मान जरा जाड आहे."

दार लागलं. धनश्री साड्यांच्या ढिगाऱ्यापाशी जाऊन बसली, मांडीखालून एक कात्री काढली, मग दुसरी काढली, मग तिसरी.

"सापडल्या?" हेमराजने विचारलं.

"हरवल्या कधी होत्या?"

हेमराजचा चेहरा लाल झाला. छाती फुगली, तोंड उघडलं, आणि डबी पीं करून वाजली. तोंड मिटलं.

"लग्न झाल्यापासून," धनश्री म्हणाली, "तुम्ही माझं नाव असं घेता की गल्लीतली प्रत्येक बाई 'ओ' देते. मी म्हटलं, एक दिवस तरी ऐकू दे, हळू घेतलं की कसं लागतं ते." तिचे डोळे भरले होते, पण ओठांवर हसू होतं. "घ्या परत. मग कापते."

"धनश्री," हेमराज म्हणाला, अगदी हळू.

"अजून एकदा."

"धनश्री. काप ना आता."

तिने पट्टा कापला. खमणने तो हुंगला, शिंकला आणि भाकरीच्या आशेने टेबलाखाली जाऊन बसला. रात्री सोनालीचा फोन आला. खमण बरा आहे, कुठेही जात नाही, हे ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज असा का येतोय? इतका छान?"

दुसऱ्या दिवशी हेमराज कारखान्यात शिरला तसा महेश धावत आला. बाजूला चारी लूम धडधडत होते.

"मास्टर! बरं आहे ना? पट्ट्याने काय झालं? सुधारलं का मग?"

"सुधारलं," हेमराज म्हणाला. "एका दिवसात."

महेशला काही ऐकू आलं नाही. तो कानाला हात लावून पुढे वाकला, "काय म्हणता मास्टर? जरा मोठ्यानं बोला की!"