पाळणाघर पाहण्याचा सोमवार

सगळ्या मुलुंडात पाळणाघर पारखून घ्यावं ते आपणच, याबद्दल रविवारी संध्याकाळपर्यंत अनुपमाला तिळमात्र शंका नव्हती. दोनशे पानी वहीत समास आखून तिने लाल शाईने अकरा प्रश्न लिहिले होते. मुले किती? सांभाळणारी माणसे किती? स्टोव्ह जमिनीवर की ओट्यावर? खिडकीला गज आहेत काय? पिण्याचे पाणी उकळता काय? दुपारी झोपवता कुठे? मूल न्यायला अनोळखी माणूस आला तर देता काय? असे अकरा. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराला दोन ओळी आणि शेजारी 'शेरा' असा रकाना. मरोळच्या एका औषध कंपनीत ती टायपिस्ट होती. रकाना आखल्याशिवाय तिला वाण्याची यादीसुद्धा करता येत नसे.

घाई होती ती अशी. तीन वर्षांच्या लेकीला, उत्तराला, आजवर सासूबाई, रुक्मिणीबाई, सांभाळत. शनिवारी सकाळी कुडाळहून तार आली, की नणंदेचं दिवस भरायच्या आधीच दुखू लागलंय. रविवारी पहाटे रुक्मिणीबाई पत्र्याची ट्रंक घेऊन एस.टी.त बसल्या. परत कधी, ते नवं बाळ आणि त्यांचे गुडघे मिळून ठरवणार होते. इकडे अनुपमा कंपनीत दीड वर्ष टेंपररी. एक तारखेला कायम झाल्याची ऑर्डर निघायची होती. साहेबांनी सोमवारची रजा दिली, पण वर ऐकवलं, की मंगळवारपासून महिनाअखेर एकही खाडा झाला तर ऑर्डरीचं नाव काढायचं नाही. म्हणजे उत्तराची सोय सोमवारीच, एका दिवसात, लागायला हवी होती.

अडचण एवढीच, की तो श्रावणातला चौथा सोमवार होता.

गेल्या वर्षी उत्तराला गोवर निघाला. ताप उतरेना, तेव्हा अनुपमाने शंकराला हात जोडून सांगितलं होतं, की पोर उठून बसू दे, पुढच्या श्रावणात सोमवारी दिवा लागेपर्यंत मौन पाळीन. पोर उठून बसली. अनुपमाने तीन सोमवार पाळले. ऑफिसात कुणाची काही तक्रार नव्हती, टायपिस्ट मुकी असली तरी चालते. आता चौथा कसा मोडणार? देवाशी बोललेलं फिरवायचं आणि त्याच दिवशी लेकीला परक्या हातात सोपवायला जायचं, हे तिच्या मनाला पटेना.

तिने तोड काढली. नवऱ्याला, जयवंतला, भांडुपच्या कारखान्यात सोमवारचीच सुटी असे. त्याने वहीतले प्रश्न विचारायचे, तिने नुसतं बघायचं. जागा पसंत असली तर ती मंगळसूत्राला हात लावील. नापसंत असली तर पदर सारखा करील. जयवंतने विचारलं होतं, "आणि पदर खरंच घसरला तर?" तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने वही उचलून प्रश्न पाठ करायला घेतले.

सोमवारी सकाळी आठ वाजता कारखान्याचा माणूस दारात उभा. बॉयलर बंद पडला होता. जयवंत चपला सरकवत म्हणाला, "तू हो पुढे, वही आहे ना? वहीच दाखव." नवऱ्याशी भांडावं अशी वेळ आयुष्यात मोजून आली, आणि आली ती नेमकी तोंड बंद असताना. शेजारणीने उत्तराला दोन वाजेपर्यंत ठेवून घ्यायचं कबूल केलं. सोमवारची पांढरी सुती साडी नेसून, वही छातीशी धरून, उपाशी पोटी अनुपमा निघाली. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि तिलाही तसंच झालं होतं.

पहिलं पाळणाघर जयंतीबेनचं. दोन खोल्या, आणि आवाज वीस खोल्यांचा. कुणी रडतंय, कुणी ताटली वाजवतंय, कुणी खिडकीतल्या कबुतराला नावं ठेवतंय. अनुपमा दारात उभी राहिली, वही उघडली आणि पहिल्या प्रश्नावर बोट ठेवून बेनकडे पाहिलं.

आता यातली गोम अनुपमाला ठाऊक नव्हती. या गोंगाटापायी खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने कुठेतरी अर्ज केला होता, आणि तपासणीला बाई येणार अशी कुणकुण बेनच्या कानावर दोन आठवडे होती. पांढरी साडी, हातात आखलेली वही, शेऱ्याचा रकाना आणि तोंडातून अक्षर नाही. बेनच्या हातातलं दुधाचं भांडं तिथेच कलंडलं.

"सोळा मुलं," बेन म्हणाली.

अनुपमा पेन उघडून थांबली. तिला वाटलं, बेनना अजून काही सांगायचं असेल.

"वीस," बेन म्हणाली.

अनुपमाने आत पाहिलं. एवढ्या आवाजात मोजणं कठीण होतं.

"सव्वीस, बाई. खोटं कशाला बोलू? दुपारी अर्धी झोपतात, अर्धी बसतात. मग बसलेली झोपतात."

तिथून पुढे बेनला थांबवणं देवालाही जमलं नसतं. स्टोव्ह जमिनीवर आहे. एका खिडकीचे गज भाच्याने पतंग काढताना वाकवले. पाणी उकळते, पण रॉकेल संपलं की नाही उकळत. एकदा एका पोराला त्याच्या मामाऐवजी भलत्याच्याच मामाबरोबर पाठवलं होतं, पण पोर रडलं म्हणून जिन्यातच कळलं. अनुपमा सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेत होती. तिला बेनच्या खरेपणाचं कौतुकच वाटत होतं. बेनने चहा पुढे केला. उपास होता, तिने हात जोडून नको म्हटलं. मग बेनने भांडी घासणाऱ्या सरूबाईकडे पाहून कपाळाला हात लावला. चहासुद्धा न घेणारी बाई म्हणजे काम संपलंच.

आपण कोण ते चार शब्दांत लिहून द्यावं, हे अनुपमाच्या मनात आलंच नाही असं नाही. पण पाळणाघरात लेकराची आई येणार नाही तर कोण येणार? आणि मौन आहे असं लिहून दाखवणं तिला व्रताची जाहिरात केल्यासारखं वाटलं. तिने पदर सारखा केला आणि निघाली. बेन भली होती, पण तो गोंगाट! तिथे आपली उत्तरा चिरडून जाईल.

सरूबाई सकाळी बेनकडे आणि दुपारी अण्णांच्या पाळणाघरात काम करायची. हातातलं भांडं टाकून ती मागच्या गल्लीने अण्णांकडे धावली, आणि तिथल्या पायऱ्या चढायच्या आधीपासूनच सांगत सुटली.

त्यामुळे दुसरं पाळणाघर, अण्णांचं, अनुपमाला मिळालं ते झाडून, पुसून आणि अगरबत्ती लावून. लाकडी घोडा नव्यासारखा पुसलेला. प्रत्येक मुलापुढे पाटी. भिंतीवर गणपती, त्याला ताजं जास्वंद. आणि शांतता! चौदा मुलं रांगेत बसली होती आणि एकाच्याही तोंडून हूं की चूं नव्हतं. अण्णांनी वही स्वतःच हातात घेऊन अकराच्या अकरा उत्तरं दिली, तीही प्रश्नाला जशी हवी तशी. त्या शांततेने अनुपमाचे डोळे पाणावले. देवळात आल्यासारखं वाटलं तिला. शेऱ्याच्या रकान्यात तिने 'उत्तम' लिहिलं. मंगळसूत्राला हात लावला, पण ते बघायला जयवंत कुठे होता?

मंगळवारी सकाळी ती उत्तराला घेऊन अण्णांच्या दारात गेली आणि आपल्या मऊ आवाजात म्हणाली, "काल येऊन गेले होते. ही माझी मुलगी. ठेवून घ्याल ना?"

अण्णांनी तिच्याकडे, पोरीकडे, पोरीच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग त्यांच्या छातीत कोंडलेला श्वास असा सुटला, की उदबत्तीची राख उडाली. "ठेवून घेऊ की," ते म्हणाले. "आणा, पोरीला आत आणा."

संध्याकाळी ती न्यायला गेली तेव्हा घोडा माळ्यावर चढला होता. पाट्याही तिथेच गेल्या असाव्यात. उत्तरा भिंतीला टेकून बसली होती, तोंडावर बोट ठेवून. सगळीच मुलं तशी बसली होती. घरी आल्यावर अनुपमाने तिला दूध दिलं, तेव्हा तिने एका हाताने प्यायलं. दुसऱ्या हाताचं बोट तोंडाच्या कडेला तयार होतं. जेवताना भात वाढायचा तर ती खुणेने सांगे. सकाळी नळाशी कावळ्याशी भांडणारी पोर ती.

"बोल की गं," अनुपमा म्हणाली.

उत्तराने मान हलवली, आणि आईला कळावं म्हणून दाराकडे पाहिलं, जणू अण्णा तिथेच उभे आहेत.

काल आपल्याला जी शांतता देवळासारखी वाटली तिचा अर्थ अनुपमाला त्या पोरीच्या बोटापाशी कळला. अकरा प्रश्नांत एक नव्हता, की मुलं बोलतात काय?

बुधवारी ऑफिसच्या आधी ती उत्तराला घेऊन जयंतीबेनकडे धावली. पायऱ्यांवरच बायकांची गर्दी होती. त्या बाराजणी होत्या, प्रत्येकीच्या कडेवर नाहीतर हाताला एक पोर. बेन वरून हात जोडून सांगत होती, की आता चौदाच मुलं ठेवणार, माझा नाइलाज आहे. गज सरळ केले, स्टोव्ह ओट्यावर चढवला, प्रत्येक पोराला चटई दिली. पोरांनी उताणं झोपावं अशी जागाही आता झाली होती.

"सोमवारी कुणी सटवी आली होती म्हणे तपासायला," शकु नावाची एक परिचारिका म्हणाली. तिची ड्यूटी सातला लागायची, आता पावणेआठ झाले होते. "तोंडातून शब्द नाही काढला मेलीने. नुसतं लिहीत होती. मिळू दे मला एकदा."

"माझ्या हातून वाचली तर तुझ्याकडे येईल ना," दुसरी म्हणाली.

बेनची नजर अनुपमावर पडली. आज साडी निळी होती, कडेवर मूल होतं, आणि रात्रभर रडून डोळे सुजले होते. बेनने तिला ओळखलं नाही. कडेवरच्या मुलामागची बाई कुणाला दिसते?

आता एक वाक्य पुरेसं होतं. बेन, मी तपासणीची नव्हे, मी नुसती आई. बेनने त्या क्षणी सव्वीसच्या सव्वीस आत घेतली असती, आणि सत्ताविसावी उत्तरासुद्धा. चटया गुंडाळल्या गेल्या असत्या, पोरं पुन्हा पाळीपाळीने झोपली असती. पण बाराजणींच्या कामाची वेळ वाचली असती. अनुपमाने तोंड उघडलं. शकुकडे पाहिलं. मिटलं.

"तुमचीपण काढली का हो?" शकुने कनवाळूपणे विचारलं.

अनुपमाने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. बेनने आपल्या वहीत नाव लिहून घेतलं. जागा झाली की कळवते म्हणाली. तेरावा नंबर.

साडेआठला ती अण्णांच्या दारात उभी होती. एक तारखेला अजून अकरा दिवस होते. उंबऱ्यावर पाय ठेवायच्या आधी उत्तराने डबा डाव्या हातात घेतला, आणि उजव्या हाताचं बोट आपणहून तोंडावर ठेवलं.

मरोळला अनुपमाने त्या दिवशी एका पत्रात सात चुका केल्या. सोमवारी गप्प राहण्याचं पुण्य देव मोजत असेल. बुधवारी गप्प राहिल्याचं काय मोजतो, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी जयवंत दोन रात्री कारखान्यात काढून घरी आला तो उत्साहात, बॉयलर चालू झाला होता. देवापुढे दिवा लागलेला, आणि मायलेकी समोर बसलेल्या. त्याने बॉयलरची हकिगत सांगितली. कुणी हूं म्हणेना. त्याने पाळणाघर कसं आहे विचारलं. कुणी बोलेना. तो घोटाळला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेला, बोट फिरवून वार पाहिला.

"अगं, आज तर बुधवार. आज कसलं मौन?"

अनुपमाने मान खाली घातली. उत्तराने मात्र तोंडावरचं बोट काढलं, बापाच्या जवळ गेली आणि ते त्याच्या ओठांवर ठेवलं.

"बाबा, शू," ती म्हणाली. "अण्णा घोडा काढून नेतात."