दौलतच्या घरची ओळ

इंझोरीच्या दौलतच्या घरी ताट वाढलेलं असलं तरी लगेच जेवता येत नाही. आधी त्या दिवशी रानात पाहिलेल्या कशावर तरी कवितेची एक ओळ म्हणायची, मग भाकरी मोडायची. दौलत माझा मावसभाऊ. मालेगावहून उपाशीपोटी गेलो, तर माझं ताट धरून म्हणाला, "दादा, ओळ आणली काय?" मी थक्क. कसंबसं म्हणालो, "बाभळीवर बसला कावळा, मले लागली भूक." तो गंभीरपणे म्हणाला, "यमक नाही, पण कावळा खरा हाय. जेवा."

वीजमीटर पाहायला आलेल्या माणसालाही त्याने चहाआधी ओळ मागितली. एकदा नीलगायींनी हरभरा फस्त केला. लेक शालूने त्यावर ओळ रचली, तर हा नुकसान विसरून बायकोला, कुसुमला, ती पुन्हा पुन्हा ऐकवत बसला. दौलतचं डोकं फिरलं, हे गावभर मीच सांगितलं. लोक अजून तेच म्हणतात, म्हणून हे लिहितो आहे.

शालूला पाहायला कामरगावचे पाहुणे आले. सोयरीक मीच आणलेली. जयभीम झाला, पोहे आले आणि दौलतने मुलाच्या बापाकडे ओळ मागितली. आम्ही मुलगी पाहायला आलो, परीक्षा द्यायला नाही, असं म्हणून बाप उठलाच. दारात जाऊन चप्पल घालू लागला. तेवढ्यात मुलगा खाली मान घालून म्हणाला,

"दारातल्या पळसाच्या पान नाही अंगाले,
पाहुणे पाहून लालेलाल लागला लाजाले."

भिंतीशी बसलेली कुसुम खुदकन हसली. मग तिने विचारलं, "आपला पळस फुलला काय वं, शालू?"

पळस तिच्या अगदी समोर होता. उघड्या दारातून आम्हा सगळ्यांना दिसत होता.

मग शालूनेच सांगून टाकलं. साखरेच्या आजाराने आईची नजर वर्षभरापूर्वी गेली. सोयरीक मोडेल म्हणून बाहेर कोणाला कळू दिलं नाही. कवितेचं वेड तिघांनाही आधीपासूनचं, पण जेवणाआधीचा हा नेम तेव्हापासूनचा. आईला आता रान दिसतं ते ओळींतूनच.

मी ताटावर बसून ज्याला हसलो, ते हे होतं.

मुलाच्या बापाने चप्पल पुन्हा काढली. आत येऊन तो कुसुमसमोर बसला आणि हळूच म्हणाला, "नुसता लाल नाही बाई, थोडा केशरीबी हाय."

दौलत मात्र पळसाकडेच पाहत राहिला. "रोज लंबून लंबून, रानातून ओळी आणत राह्यलो," तो तिला म्हणाला, "दारातलंच सांगायचं राहून गेलं."