सलग, सरळ व गुलाबी

कोणत्याही गावाची प्रगती त्याच्या छपरांवरून मोजावी, हे तत्त्व आता सर्वमान्य झालं आहे. छपराखाली काय चाललंय हे मोजायचं तर माणसाला आत शिरावं लागतं, चपला काढाव्या लागतात, वर चहा घ्यावा लागतो. छप्पर मात्र गाडीची काच खाली न करताही दिसतं. प्रशासनाचा एवढा वेळ वाचवणारा भाग घराला दुसरा नाही.

या तत्त्वाला धरून ग्रामप्रकाश समितीने त्या वर्षी दिवाळीसाठी ‘उजळती छतरेषा’ स्पर्धा जाहीर केली. (समिती नेमकी कुणाची होती हे तिच्या लेटरहेडवरून कळत नसे. लेटरहेड तीन रंगांत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.) मुख्य रस्त्यावरच्या घरांची एक सलग रांग घ्यायची, प्रत्येक छताच्या कडेने दिवे लावायचे, आणि ते दिवे गाण्याच्या तालावर, संगणकाच्या हुकमाने, या टोकाकडून त्या टोकाकडे पळाले पाहिजेत. नियम चौथा असा होता की, रांगेतलं एकही छत अंधारात राहिलं तर संपूर्ण रांग बाद. ज्या गावात वीज येते तीच पाहुण्यासारखी, त्या गावाने काय करावं, याबद्दल नियम नव्हता. स्पर्धा दिव्यांची होती, विजेची नव्हती.

पिंपळगाव राजापासून नऊ किलोमीटरवरच्या बोरटेकने यात भाग घेतला, कारण सरपंच उत्तमरावांना भाग घेण्याची आवड होती. शिवाय बोरटेकला चित्रावर विश्वास ठेवायची सवय जुनी. कपाशीच्या बीटी बियाण्याचं पाकीट गावात आलं तेव्हा त्यावर नारळाएवढं बोंड छापलेलं होतं आणि शेजारी फुली मारलेली अळी. पहिली काही वर्षं अळी खरंच मेली. (तिला अनुभव नव्हता.) मग गुलाबी अळी तयार झाली, तिने पाकीट न वाचताच बोंडात मुक्काम ठोकला, आणि लोक फवारणीचा पंप पाठीला लावून फिरू लागले. पाकिटावरचं चित्र मात्र बदललं नाही. उलट दर वर्षी बोंड थोडं मोठं होत गेलं. शेतातलं बोंड आणि पाकिटावरचं बोंड यांत फरक पडला की चूक शेताची, हे बोरटेकने केव्हाच मान्य केलं होतं.

रोषणाईचं काम मिळालं फहीमला. पिंपळगाव राजात त्याचं लायटिंगचं दुकान. वडील वाहेदभाई लग्नात माळा लावायचे. लाल विझली की हिरवी पेटायची, एवढ्यावर वऱ्हाडी खूश असत. फहीम पुढे गेला. शेगावच्या एका लॉजवर भरलेल्या वर्गात त्याने हे नवं तंत्र शिकून घेतलं. यात आधी घराचा फोटो लॅपटॉपवर घ्यायचा, त्यावर छताची रेषा काढायची, रेषेवर दिवे मांडायचे आणि प्रत्येक दिव्याला नंबर द्यायचा. मग खाली गाणं अंथरायचं आणि कोणत्या ठेक्याला कोणत्या नंबराने कोणता रंग घ्यायचा ते लिहून काढायचं. बावीस घरं, दर घरी एकशे वीस, एकूण दोन हजार सहाशे चाळीस दिवे. एवढी काटेकोर यादी बोरटेकमध्ये यापूर्वी फक्त मतदारांची झाली होती, आणि तीत मेलेलेही होते. फहीमच्या यादीतला प्रत्येक दिवा जिवंत होता.

एकवीस घरांची रेषा निघाली. बाविसावं, म्हणजे रांगेतलं शेवटचं घर गीताबाईचं. तिथे फहीमचा हात थांबला, कारण फोटोत छताची रेषा अर्ध्यावर संपत होती आणि पुढे बाभळीचा शेंडा होता.

मे महिन्यातल्या वादळात गीताबाईच्या ओसरीवरचे सात टिनपत्रे उडाले होते. दोन शेतात सापडले, तेही दुमडलेले. एक विहिरीत गेला. एक शेजारच्या गावात कुणाच्या तरी शेळ्यांवर असल्याची बातमी होती. उरलेल्या तिघांचा तपास नाही. घराला दुसरी मोठी खोली नव्हती आणि कापूस याच ओसरीत पडायचा. शेताला दहीभात शिंपडून, वेचणीआधीची सीतादईची पूजा करून, तिने पहिली वेचणी घरात आणली होती. दुसरी यायची होती. फाटकी ताडपत्री ऊन झेलत होती, पाऊस नाही. दिवाळीनंतर एक अवकाळी सर आली असती तर वर्षाचा कापूस पिवळा पडला असता. त्याआधी पंचनामा होऊन पत्रे मिळावेत, एवढंच तिचं मागणं होतं. नवरा कडूबा दम्याने खाटेला खिळलेला. त्यामुळे तालुक्याच्या खेपा तिच्याच.

तिने पाच अर्ज केले होते. चौथ्यासोबत फोटो जोडला. त्याला आलेलं उत्तर तिने पिशवीत जपून ठेवलं होतं: “सोबतच्या छायाचित्रात छत दिसून येत नाही. सबब नुकसान कोणत्या वस्तूचे झाले हे स्पष्ट होत नाही.” (या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही, हे मुद्दाम नोंदवायला हवं.)

फहीम दिव्यांची माळ घेऊन दारात आला तेव्हा ती सरकी निवडत होती. तिने माळेकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

“दिवे बांधाचे तं बांध, बापा,” ती म्हणाली. “पण बांधशीन कायले? तिथं आभाळ हाय.”

उत्तमरावांकडे याचं उत्तर तयार होतं. दोन बांबू रोवायचे, त्यांच्यामधून तार ओढायची, तारेवर दिवे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला रेषा सलग दिसली म्हणजे झालं. आणि त्यांनी गीताबाईला असंही समजावलं की, उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार, पाहुण्यांमागे पंचनाम्याचे साहेब येणारच, म्हणजे पाच अर्जांनी जे झालं नाही ते एका माळेने होईल. उत्तमरावांचं हे बोलणं खोटं नव्हतं. साहेब खरंच येणार होते.

फहीमला गीताबाईचं वाईट वाटलं. वाईट वाटलेल्या कारागिराने करायचं ते त्याने केलं, म्हणजे आपल्या कारागिरीवर नको तेवढा भरवसा ठेवला. गाण्याच्या मधोमध दहा सेकंदांची जागा होती. त्या दहा सेकंदांत एकवीस घरं विझवायची आणि एकटं बाविसावं पेटवायचं, असं त्याने लिहिलं. जिथे पत्रे आहेत तिथले सहासष्ट दिवे पांढरे. जिथे नाहीत तिथले चौपन्न लाल. एवढ्या अंधारात एवढं लाल पाहून कोणीही विचारेल, हे काय आहे म्हणून. तेव्हा गीताबाईने पुढे व्हायचं आणि सांगायचं.

“तो लाल पाहून सायेब मान वर करीन ना?” तिने विचारलं.

“करीन, मावशी.”

“मंग बांध.”

ग्रामपंचायतीत लॅपटॉपवर सगळ्यांना चाचणी दाखवण्यात आली. पडद्यावर बावीस घरं काळ्या रात्रीत अशी उजळली की पाहणाऱ्यांना आपलं गाव ओळखू येईना. (हेच यशाचं लक्षण मानलं गेलं.) पडद्यावर पांढरा पांढरा होता, लाल लाल होता. उत्तमरावांनी त्या चित्राची रंगीत प्रत काढून स्पर्धेच्या अर्जाला जोडली. वर लिहिलं, ‘गावाची प्रत्यक्ष स्थिती’.

पडद्यावर एक गोष्ट दिसत नाही. तार लांबत गेली की शेवटच्या दिव्यांपर्यंत ताकद पोहोचत नाही. आधी निळा दम सोडतो, मग हिरवा. लाल तेवढा तग धरतो. मग ज्या दिव्याला पांढरं व्हायचा हुकूम आहे तोही लालसर होतो, आणि अशक्त झालेला लालही फिका पडून त्याच्यात मिसळतो. यावर उपाय म्हणजे रांगेच्या मध्ये वीजपुरवठ्याची दुसरी पेटी बसवायची. फहीमने ती आणली होती. पण उद्घाटनाच्या सकाळी उत्तमरावांच्या दारात त्यांच्या नावाची कमान उभी राहिली आणि तिला पेटी कमी पडली, म्हणून रांगेची पेटी तिकडे गेली. फहीमने सांगून पाहिलं की शेवटची घरं मार खातील. उत्तमराव म्हणाले, पडद्यावर तर बरोबर दिसत होतं. फहीमने हे एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं, हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं, आणि तरी तो गप्प बसला, कारण पुढच्या मोसमातले मांडवही उत्तमरावांच्याच शब्दावर मिळायचे. प्रत्यक्ष दिवे लावून पाहायला दिवसभरात वीज आली नाही. ती संध्याकाळी सात वाजता, पाहुण्यांसोबत आली.

कार्यक्रम देखणा झाला यात वाद नाही. दिव्यांची लाट पहिल्या घरावरून सुटली आणि पळत पळत बाविसाव्यापर्यंत आली. लोकांनी मोबाइल वर केले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग ते दहा सेकंद आले. सगळा रस्ता विझला आणि एकटं गीताबाईचं घर पेटलं.

एकशे वीसच्या एकशे वीस दिवे गुलाबी होते.

कुठे पत्रा आहे आणि कुठे आभाळ, काही फरक राहिला नव्हता. अंधारात ना बांबू दिसत होते, ना ताडपत्री. दिसत होती फक्त एक रेषा, रांगेतल्या कोणत्याही घरापेक्षा सरळ, कारण पत्रे वाकतात आणि ताणलेली तार वाकत नाही. बोरटेकच्या लोकांच्या शिट्ट्या थोड्या थांबल्या. तो रंग त्यांच्या ओळखीचा होता. बोंड फोडलं की आत हाच निघायचा. पाहुण्यांना मात्र तो फार आवडला, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

गीताबाई ठरल्याप्रमाणे साहेबांपुढे गेली. घराकडे बोट करून म्हणाली, “सायेब, थे पाहा. माह्यं छत.”

साहेबांनी मान वर केली. फहीमने तिला दिलेला शब्द इथपर्यंत खरा ठरला. साहेब पुरते दहा सेकंद पाहत राहिले, “छान आहे, बाई,” म्हणाले आणि जागच्या जागी, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, सहा महिने रखडलेला पंचनामा त्यांनी पूर्ण केला. दिरंगाईचा आरोप त्यांच्यावर कुणी करू शकणार नाही. त्यात लिहिलं होतं: “अर्जदाराच्या घरास समक्ष भेट दिली. छत अर्जदाराने स्वतः दाखविले. ते सलग, सरळ व गुलाबी असल्याचे आढळून आले. सोबतच्या छायाचित्रातही छत दिसून येत आहे. सबब नुकसान नाही.” सोबतचं छायाचित्र म्हणजे लॅपटॉपवरची ती रंगीत प्रत. उत्तमरावांनीच पुढे केली होती.

बोरटेकचा पहिला नंबर आला. ढाल मिळाली. ती ठेवायला ग्रामपंचायतीत कोरडी जागा नव्हती, म्हणून उत्तमरावांच्या दिवाणखान्यात ठेवली.

पंचक्रोशीत या प्रयोगाचा जो अभ्यास झाला तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे. एका गावाने फहीमकडे शाळेच्या पडलेल्या भिंतीचं काम दिलं. दुसऱ्याने दवाखान्याच्या दारात दिव्यांचा डॉक्टर मागितला, मान हलवणारा आणि शक्य असल्यास हसणारा. तिसऱ्या गावाने कोरड्या तलावात पाण्याची पातळी निळ्या दिव्यांनी दाखवता येईल का, अशी लेखी विचारणा केली. (येते. फक्त तार आखूड ठेवावी लागते, नाहीतर पाणी गुलाबी होतं.) फहीमचा धंदा त्या हिवाळ्यात वाढला तेवढा वाहेदभाईंच्या सबंध हयातीत वाढला नव्हता. कौसर, त्याची बायको, रोज विचारायची की जेवण काऊन जात नाही. तो म्हणायचा, काम जास्त आहे.

कार्यक्रमानंतर आठव्या दिवशी, भर दुपारी, पाऊस आला. फहीमने दुकानातली मांडवाची मोठी ताडपत्री गाडीवर टाकली आणि नऊ किलोमीटर भिजत गेला. पोहोचला तेव्हा उशीर झाला होता. ओसरीत दुसऱ्या वेचणीचा ढीग खाली बसला होता. गीताबाई कडूबाची खाट आतल्या भिंतीला सरकवून, ओला कापूस टोपल्याने चुलीकडच्या कोपऱ्यात नेत होती. फहीम बांबूवर चढला. दाराशी छत्री घेऊन उत्तमराव आले आणि म्हणाले की नियम नववा लक्षात घे, फेरतपासणी होईपर्यंत विजेत्या रांगेचा दर्शनी भाग झाकता येत नाही. फहीमने ताडपत्री दिव्यांच्या खालून बांधली. त्याला रडू येत होतं, आणि पावसात ते कुणाला कळलं नाही.

गीताबाईने टोपलं खाली ठेवलं. आवाज न चढवता ती म्हणाली, “फहीमभाऊ, लायटिंग लावून पाह्यतं का एक डाव? सायबाले दिसलं छत. पावसाले बी दिसते का, पाहू.”

त्याने लावली नाही. वीज नव्हती.

त्या संध्याकाळचा व्हिडिओ आजही फिरतो. दहा सेकंदांच्या त्या जागेत, गुलाबी रेषेच्या जरा खाली, जिथे पत्रा असायला हवा तिथे, एक चांदणी स्पष्ट दिसते. पुण्याच्या कुणा एका माणसाने खाली विचारलंही होतं की, छताच्या आत चांदणी कशी? त्याला एकशे चार जणांनी नकारात्मक न बोलण्याची समज दिली. तो व्हिडिओ आपल्यालाही आला होता. आपण शेवटपर्यंत पाहिला, छान आहे म्हणालो, आणि पुढच्या अकरा जणांना पाठवून दिला.