चोवीस रुग्णांची एक दाढ

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नवरा गेले तीन आठवडे डाव्या बाजूनेच जेवत होता. थंड पाणी लागलं की खालची उजवी दाढ ठणकायची. पण सांगणार कुणाला? घरातच डॉक्टर, म्हणजे तोंडातून शब्द निघायचा अवकाश, खुर्ची आलीच. आणि त्या खुर्चीची त्याला लहानपणापासून धडकी. धंद्याने प्रोग्रामर, माणूस हुशार, पण दाढेपुढे अक्कल चालते थोडीच.

बायकोच्या दवाखान्यासाठी त्याने पायथन या संगणकाच्या भाषेत एक एपीआय लिहिली होती. एपीआय म्हणजे एक खिडकीच. मोबाइलवरून कुणी वेळ मागितली की आतली वही बघून ती 'मिळेल' किंवा 'नाही' सांगणार. सोमवारपासून ती सुरू व्हायची होती. कुलूपही असं, की दिलेली वेळ फक्त डॉक्टर आपल्या किल्लीने रद्द करू शकेल. वहीचा पासवर्डसुद्धा त्याने पाकिटात बंद करून बायकोच्या ताब्यात दिला होता. "लिहिली मी, पण मलाही हक्क ठेवला नाही," हे त्याने शनिवारी जेवताना दोनदा ऐकवलं. डाव्या बाजूने चावत.

रविवारी दुपारी बायको आत झोपली असताना त्याने शेवटच्या चाचण्या चालवल्या. रुग्णाचं वय उणे पाच टाकलं, नकार आला. वय दोनशे, नकार. नाव रिकामं, नकार. मग खरे वाटतील असे चोवीस रुग्ण पाठवले, ते सगळे घेतले गेले. गडी खूश. तक्रारीच्या रकान्यात काय लिहावं याचा विचार करायचा कंटाळा, म्हणून त्याने मनात होतं तेच लिहिलं होतं: 'खालची उजवी दाढ. थंड पाण्याने ठणकते. बायकोला सांगू नये.'

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यात बारा वर्षं कागदी वही सांभाळणाऱ्या मावशी होत्या.

"साहेब, उद्याचा दिवस भरला की तुमच्या यंत्राने."

"कसा भरेल? अजून सुरूच कुठे झालंय?"

बोलता बोलता त्याने चाचण्या ज्या पत्त्यावर पाठवल्या तो पाहिला. चाचणीच्या वहीचा पत्ता द्यायचा, तिथे खऱ्या दवाखान्याचा दिला होता.

"चोवीस माणसं," मावशी मोबाइलवर यादी वाचत होत्या. "सगळ्यांची एकच दाढ. आणि कुणालाच बायकोला सांगायचं नाही. साथबीथ आलीय का हो?"

"मावशी, तुम्ही खोडून टाका ना."

"कागदावर असतं तर खोडलं असतं. किल्ली बाईंकडेच असते म्हणालात ना तुम्ही? सांगते त्यांना."

"नको नको, मी बघतो."

मग तो स्वतःच्याच कुलपाला भिडला. खोटी किल्ली करून पाहिली, नकार. जुनी किल्ली घासूनपुसून दिली, नकार. पाच वेळा पाच युक्त्या केल्या, कुलूप हलेना. आपलं काम इतकं चोख झाल्याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं. पाच चुकीच्या किल्ल्यांनंतर डॉक्टरांच्या मोबाइलवर इशारा जातो, हेही त्यानेच लिहिलं होतं. ते त्याला आतून टिंग वाजल्यावर आठवलं.

बायको डोळे चोळत बाहेर आली.

"अरे, दवाखान्यात कुणीतरी घुसतंय म्हणे. आणि आपल्याच घरातून."

त्याने लॅपटॉप मिटला. तिने मोबाइलवर यादी उघडली. पहिला रुग्ण वाचला, दुसरा वाचला, मग वाचायची गरज उरली नाही.

"तरीच म्हटलं," ती म्हणाली, "हा तीन आठवडे कोमट पाणी का पितोय."

"ती चाचणी होती गं. खोटी माणसं आहेत सगळी."

"माणसं खोटी असतील. दाढ?"

त्याचा हात उजव्या गालाकडे गेला.

"बाकीच्या तेवीस वेळा रद्द करते आत्ता. नऊची तुझ्यासाठी ठेवते."

सोमवारी नऊ वाजता मावशींनी दार उघडून पुकारलं, "रुग्ण क्रमांक एक, बायकोला न सांगणारे, आत या." बाहेर बसलेले तीन खरे रुग्ण हसले. तो मुकाट्याने खुर्चीत आडवा झाला आणि त्याने डोळे घट्ट मिटले. बायकोने आरसा आत घातला, दाढ पाहिली, टोचून पाहिली. दुखलं नाही फारसं. एवढ्यासाठीच आपण तीन आठवडे कुढलो, असं वाटून त्याला हायसं झालं.

"ही भरून भागेल, काढायला नको," ती म्हणाली. आरसा वर सरकला आणि डावीकडे थांबला. "मावशी, आणखी एक वेळ लिहा. वरची डावीपण किडलीय. चाचणीत ही नव्हती रे?"

तोंड उघडं असल्यामुळे त्याला एवढंच म्हणता आलं, "आ."