आप्पांचे मुके थ्रेड

आमच्या ऑफिसात 'प्रोग्रॅम जरा जड झालाय' एवढं कुणी म्हटलं, की आप्पा धायगुडे डबा तसाच टाकून भांडायला यायचे. अर्धी भाकरी हातातच असायची. "जड? कुनाचा? माझा?"

गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. आमची छोटी कंपनी कुरकुंभच्या कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहायची. एका जुनाट कॉम्प्युटरनं एकाच वेळी कितीतरी टाक्यांचं तापमान, दाब, पंप सांभाळायचे. अशा एकेका कामाला थ्रेड म्हणतात. तयार मिळणारे थ्रेड आप्पांना पसंत नव्हते. "मेंढीमागं एकेक धनगर लावता व्हय? आमच्या आज्यानं एकट्यानं कळप हाकला!" म्हणून त्यांनी हलक्या थ्रेडांची स्वतःची लायब्ररी, म्हणजे आमच्या प्रत्येक प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड, लिहिली आणि आम्हा सगळ्यांच्या गळ्यात मारली. वेगाला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती, हे कबूल करताना मला आजही त्रास होतो.

पण ती मुकी होती. एखादा थ्रेड अडकला की सगळं गप्प. कुठं अडकला, कशानं अडकला, एक अक्षर नाही. मग आप्पांकडे जाणं आलं. ते आधी आमची अक्कल काढायचे, मग चहा मागवायचे, घरच्यांची चौकशी करायचे आणि कप रिकामे झाल्यावर चुकीवर नेमकं बोट ठेवायचे.

"आप्पा, अडकल्यावर एक ओळ छापायला काय जातं?"

"येळ जातो! बडबड्या गडी काम करतो का कवा?"

शेवटी साहेबांनी आमचे अभिप्राय मागवले. सगळ्यांचं म्हणणं एकच: वेग उत्तम, पण चूक सापडत नाही. साहेबांनी बजावलं, शुक्रवारपर्यंत लायब्ररी बोलली नाही तर बाजारातली तयार घेऊ. आप्पांनी टेबलावर हात आपटला. "घ्या की! पंप झोपले म्हंजी कळंल. म्या एक ओळ बदलनार न्हाई."

मला या माणसाचा भयंकर राग यायचा, पण त्याची लायब्ररी कचऱ्यात जावी असंही वाटेना. म्हणून मीच तिच्यात संदेशाची सोय केली, वेग मोजला आणि आकडे त्यांच्यापुढे टाकले. काडीचा फरक नव्हता.

"संदेश फक्त अडकल्यावर छापायचा, आप्पा. एरवी खर्च काहीच नाही. हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"पयल्या दिवसापासनं म्हाईत हाय."

"मग?"

बायको गेल्यापासून दौंडच्या घरात ते एकटे राहायचे. पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "तिनंच समदं सांगितलं, तर माझ्याकडं येनार कोन?"

भांडायची एवढी तयारी करून गेलो होतो, ती तशीच राहिली.

शुक्रवारी लायब्ररी बोलायला लागली. कुठला थ्रेड, कुठली ओळ, काय कारण, सगळं चोख. अक्षरं रोमन, पण भाषा मराठी. साहेबांनी इंग्रजीचा आग्रह धरला, तो आप्पांनी धुडकावून लावला. प्रत्येक संदेशाच्या तळाशी त्यांनी आणखी एक वाक्य घातलं होतं. ते काढायलाही साफ नकार दिला. वाक्य होतं: "तरी कळलं न्हाई तर शेजारी येऊन बसा."

मला बहुतेक वेळा कळायचं. तरी मी जायचो.