हॉलमध्ये सरळ चालणारा रोबो

"सरावाच्या मैदानाला कशाला पैसे घालवायचे? ते माझ्यावर सोडा!"

पालकसभेत एवढं बोलून खबरदारबाई खाली बसल्या आणि बाकीच्या पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हे नाव त्यांना नवऱ्याने ठेवलं होतं. लेक रांगायला लागल्यापासून घरातला एकही कोपरा, एकही सॉकेट त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. लेक सहावीत गेली, तरी जेवणाच्या टेबलाच्या चारही टोकांना स्पंज बांधलेलाच होता!

मामला असा होता. लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी रोबोंच्या स्पर्धेत उतरणार होत्या. प्रवेशशुल्क, मोटारी, बॅटऱ्या, सेन्सर... यादी वाचता वाचता विज्ञानाच्या बाईंनाच धाप लागली. पहिल्या फेरीचा खर्च पालकांचा. रोबोने एक, फक्त एक चेंडू ढकलत नेऊन खोक्यात टाकला, की पुढच्या फेरीचा सगळा खर्च शाळेचा. नाही टाकला, तर रोबो कपाटात आणि मुली गायनाच्या तासाला!

नव्या फ्रिजसाठी साठवलेले पैसे प्रवेशशुल्कात गेले होते. आता माघार नाही! खबरदारबाईंनी कंबर कसली. हॉलमधला सोफा बेडरूममध्ये गेला. सासूबाईंची आरामखुर्ची दारापाशी गेली. नवरा स्वयंपाकघरात उभ्याने जेवू लागला, कारण जेवणाचं टेबल, स्पंजासकट, त्याच्या पलंगावर होतं. मोकळ्या फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, पुठ्ठ्याचं खोकं मांडलं, आणि मैदान तयार! फुकट!

पहिल्याच दिवशी रोबो निघाला आणि उजवीकडे वळून थेट गॅलरीत गेला.

"उजव्या चाकाचा जोर वाढवू," लेक म्हणाली. वाढवला. तरी गॅलरीतच! आणखी वाढवला. चेंडूही ठेवला की गॅलरीकडे धावायचा.

"वारा लागतोय त्याला!" खबरदारबाईंनी निदान केलं. खिडक्या बंद, पंखा बंद, गॅलरीचं दार बंद. चेंडूखाली रबरबँड ठेवला. सगळं घर घामाने निथळू लागलं.

"अगं सूनबाई," सासूबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "हा मेला रोबो चालायला शिकेपर्यंत आम्ही शिजून निघू!"

पण शिकला! उजव्या चाकाचा जोर वाढवत वाढवत एकदाचा रोबो असा चालू लागला, की फूटपट्टीने लाजावं. शंभरदा सोडा, शंभरदा चेंडू खोक्यात! विकतच्या मैदानावर उधळपट्टी करणाऱ्या इतर संघांच्या पालकांची खबरदारबाईंना मनापासून कीव आली.

स्पर्धेच्या दिवशी मोठ्या सभागृहात पलंगाएवढाली टेबलं मांडलेली होती. त्यांच्यावर मैदान, खाली जमिनीपर्यंत लोंबणारं कापड. पालकांनी दोरीमागे बसायचं, मुलांशी बोलायचं नाही, प्रत्येक संघाला तीन संधी. खबरदारबाई पहिल्या रांगेत, शेजारी सासूबाई.

लेकीने बटण दाबलं. रोबो निघाला. आणि डावीकडे गेला! गेला तो जातच राहिला. टेबलाच्या कडेवरून त्याने उडी घेतली, तेव्हा एका मैत्रिणीने त्याला वरच्या वर झेललं म्हणून वाचला.

"एक संधी संपली!" पंच म्हणाले.

खबरदारबाईंनी डोळ्यांत तेल घालून टेबलाकडे पाहिलं. पंचांनी चेंडू जागेवर ठेवला. आणि चेंडू... तिथेच राहिला! रबरबँड नाही, काही नाही, बसून राहिला शहाण्या मुलासारखा!

"आई!" त्यांनी सासूबाईंचा दंड धरला. "चेंडू हलत नाहीये!"

"मग? नाचायला हवा का त्याने?"

"आपल्या घरी तो हलतो! आई, आपल्या हॉलला उतार आहे!"

सासूबाई ताठ बसल्या. "म्हणजे मी खुर्चीतून घसरते, ते वयामुळे नाही तर!"

पण खबरदारबाई ऐकत नव्हत्या. मुलींनी रोबोला उतारावर सरळ चालायला शिकवलं होतं. सपाट टेबलावर तो वाकडाच जाणार! पोरींशी बोलायची तर बंदी. आता उपाय एकच. रोबो बदलत नसेल, तर टेबल बदलायचं!

त्यांनी हातातली किल्ली मुद्दाम खाली पाडली, "अगंबाई" म्हणून वाकल्या, आणि दोरीखालून सरपटत थेट टेबलाखाली. डावीकडच्या कोपऱ्याला खांदा लावला आणि दोनच बोटं वर उचलला. घरच्यासारखा उतार! मांडीला गोळे आले, पण माघार नाही!

आता तुम्हाला म्हणून सांगते, त्याच वेळी वर काय चाललं होतं ते. चेंडू जागचा हलत नाही, हे मुलींनीही पाहिलं होतं. लेकीने शांतपणे दोन्ही चाकांचा जोर सारखा करून ठेवला होता. आता रोबो सपाट टेबलावर अगदी सरळ गेला असता. सपाट टेबलावर!

बटण दाबलं गेलं. रोबो हातभर सरळ चालला, मग नाक उजवीकडे करून घसरू लागला. त्याच्यापुढे चेंडू, चेंडूच्या मागोमाग खोकंसुद्धा! चेंडू कडेवरून उडाला तो डुब्बकन पंचांच्या चहात.

पंचांनी शर्ट झटकला, वाकून कापड वर केलं.

"बाई, इथे काय करताय?"

"किल्ली शोधतेय."

"टेबल खांद्यावर घेऊन?"

सभागृहात हशा पिकला. पंच मात्र हसले नाहीत. "ही सरळसरळ ढवळाढवळ आहे. संघ बाद करावा लागेल."

खबरदारबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. फ्रिज गेला, हॉल गेला, आणि आता त्यांच्याच खांद्यामुळे पोरींचा रोबो कपाटात! "मला बाद करा हो," त्या काकुळतीने म्हणाल्या. "पोरींना नको!"

"सर," लेक पुढे झाली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज ठाम होता. "ती आमच्या संघात नाहीये. ती नुसती माझी आई आहे!"

पंचांनी एकमेकांत कुजबुज केली. निकाल लागला. दुसरी संधी बाद, तिसरी मिळेल. मात्र या बाई सभागृहाबाहेर!

दार बंद झालं. दाराची काच दुधी! ज्या बाईंनी लेकीचं पहिलं पाऊल, पहिला दात, पहिली शिंकसुद्धा नजरेआड होऊ दिली नव्हती, त्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. दिसत होत्या नुसत्या सावल्या.

अचानक आत टाळ्यांचा कडकडाट झाला! खबरदारबाईंनी नवऱ्याला फोन लावला, "पोचला! चेंडू पोचला!" असं ओरडल्या आणि दार ढकलून आत घुसल्या.

टाळ्या पलीकडच्या संघासाठी चालल्या होत्या.

"आणि आपला?" त्यांनी लेकीला गाठून विचारलं.

"आपला केव्हाच पोचला," लेक वायर गुंडाळत म्हणाली. "एकदम सरळ. पण टाळ्या कोण वाजवणार? सगळे पंचांचा शर्ट पुसत होते."

खबरदारबाईंनी तिला कवटाळलं. मग चटकन डोळे पुसून त्या पुन्हा ताठ झाल्या. "आता पुढची फेरी! सोबत कुणीतरी मोठं माणूस लागेल ना? मी आहेच!"

तिघी मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

"त्याचं तिकीट शाळा काढणार आहे," एक मैत्रीण हळूच म्हणाली. "आम्ही आजींचं नाव दिलंय."

"आईंचं? अगं, त्यांना रोबोतलं काय कळतं?"

"काहीच नाही," तिघी एका सुरात म्हणाल्या. "म्हणून तर!"

खबरदारबाई समजूतदारपणे हसल्या. "बरं झालं, तेवढाच खर्च वाचला," असंही म्हणाल्या. आणि मुली सामान भरण्यात गुंतल्या आहेत असं पाहून हळूच दारावरच्या माणसापाशी गेल्या.

"अहो, एक विचारू? पुढच्या फेरीला स्वतःच्या खर्चाने आलेले पालक कुठे बसतात?"