कडबाकुट्टीचं निव्वळ वजन

घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला लागून गोरक्षनाथचं दुकान आहे. तिथल्या कडबाकुट्टीचं, म्हणजे चारा बारीक तोडणाऱ्या यंत्राचं, वजन नेमकं किती, हा प्रश्न आजवर कुणालाही पडला नव्हता. यंत्र टेम्पोत चढवायला चार गडी लागायचे आणि चौघंही कंपनीला शिव्या द्यायचे, एवढी माहिती सर्वांना पुरत होती.

कंपनीला मात्र ती पुरेना. तिने पुण्याच्या कार्यालयात ‘एकच सत्य’ या नावाची आधुनिक संगणक-रचना उभारली. पूर्वी कंपनी व्हॉट्सॲपवर दरपत्रक टाकायची, डीलर ते आपापल्या बुद्धीने वाचायचे आणि धंदा कसाबसा होऊन जायचा. आता प्रत्येक यंत्राची माहिती एकाच जागी राहणार होती आणि तिथून सगळ्या डीलरांच्या पडद्यावर आणि गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर एकदमच उतरणार होती. वजनाची सेवा वेगळी, मोटारीची वेगळी, फोटोची वेगळी, किमतीची वेगळी. एकीत काही बिघडलं तर दुसरीला त्याचा पत्ताही लागू नये, अशी खास तजवीज केलेली. सगळं उभं राहिल्यावर ध्यानात आलं की या रचनेत घालायला कंपनीकडे माहितीच नाही. ती एका फोरमनच्या डोक्यात होती आणि तो निवृत्त होऊन गावी गेला होता. तेव्हा माहिती डीलरांनीच भरावी असं ठरलं. कडबाकुट्टी गोरक्षनाथच्या वाट्याला आली.

गोरक्षनाथ आधी हेडी होता, म्हणजे बाजारात जनावरं घ्यायची आणि विकायची हा त्याचा धंदा. नुसतं बोकडाकडे बघून तो वजन सांगायचा. यंत्राच्या खोक्यावर नव्वद किलो छापलेलं होतं, ते त्याने पहिल्या चौकटीत लिहिलं. दुसऱ्या चौकटीत ‘निव्वळ वजन’ विचारलं होतं. आता बाजारात आणण्याआधी मालक जनावराला पोटभर चारतो, पाणी पाजतो, आणि घेणारा पोटातलं चारापाणी वजा करूनच बोलतो, हे घोडेगावात पोराटोरांना ठाऊक आहे. आणि हे तर चारा खाणारंच यंत्र, म्हणून गोरक्षनाथने हात जरा सैल सोडला. तीस वजा करून साठ लिहिलं. पडद्यावर हिरवी खूण आली. बाकीच्या डीलरांनीही ‘मान्य’ हे बटण दाबलं, कारण ते दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.

पंधरवड्याने कंपनीच्या गुणवत्ता विभागाने एक यंत्र काट्यावर चढवलं आणि तिथे हाहाकार उडाला. माहिती-रचना प्रमुख जस्टिन साहेबांनी स्वतः फोन केला. साहेब मूळचे नगरचेच, बोलायला अतिशय मऊ.

“गोरखशेठ, आपलं यंत्र रेकॉर्डपेक्षा तीस किलो जास्त भरतंय.”

“साहेब, चुकी माझीच हाय. मी चारापाणी वजा केलं. नव्वद करून टाका.”

“शेठ, सगळ्या डीलरांनी साठ मान्य केलंय. तुम्ही एकटेच नव्वद म्हणताय. सिस्टीमने कुणाचं ऐकायचं?”

“काट्याचं ऐका की.”

“काटा आपल्या रचनेला जोडलेला नाही,” साहेब हळहळून म्हणाले. “आणि सत्य एकदा मंजूर झालं की बदलता येत नाही. यंत्र बदलता येतं.”

लगोलग ‘उत्पादन-माहिती सुसंगती मोहीम’ सुरू झाली. यंत्रातून तीस किलो कमी करायचे होते. सांगाडा काढावा तर यंत्र उभं राहीना. चाक काढावं तर ते फोटोत दिसत होतं, आणि फोटोच्या सेवेने साफ नकार दिला. शेवटी अभियंत्यांना मोटार सापडली. ती बरोबर तीस किलोची होती आणि झाकणाआड असल्याने फोटोत येत नव्हती. मोटार काढण्यात आली. ‘विजेवर चालते : होय’ ही नोंद तशीच राहिली, कारण ती मोटारीच्या सेवेकडे होती आणि वजनाच्या सेवेत काय चाललंय हे विचारायची तिला मुभा नव्हती. किंमतही त्याच कारणाने तशीच राहिली. दुकानातल्या सगळ्या मोटारी काढून परत पाठवा, नाहीतर एजन्सी रद्द, असा डीलरांना हुकूम सुटला.

गोरक्षनाथने मोटारी काढल्या, पण त्याचा जीव एका गिऱ्हाइकापाशी, वस्तीवरच्या छबूबाईपाशी, अडकला होता. तिचा नवरा ऊसतोडीला गेलेला, दावणीला आठ जनावरं, आणि विळ्याने कडबा तोडून तोडून बाईचा उजवा खांदा कामातून गेलेला. खांदा आता हलवाल तर कायमचा जाईल, असं डॉक्टरने बजावलं होतं. येत्या बाजारी यंत्र देतो, असा गोरक्षनाथचा शब्द होता. म्हणून एजन्सीची पर्वा न करता त्याने मोटारीसकट एक यंत्र पेंडीच्या पोत्यांमागे दडवून ठेवलं.

बाजारच्या दिवशी छबूबाई आली ती नवी म्हैस घेऊनच. म्हशीचा जबडा उघडून तिने दात मोजले होते, म्हैस चालवून पाहिली होती, मालकाला बाजूला सारून डाव्या हाताने चारही सड पिळून पाहिले होते. म्हैस खांबाला बांधून ती आत आली. गोरक्षनाथने पोती बाजूला केली.

“मावशी, हे तुमचं. मोटार आतच हाय.”

छबूबाईने यंत्राला पायाने ढोसून पाहिलं. ते हललं नाही. तिने मोबाईल काढला.

“ह्यात तर साठ किलो दिलंय. हे लई जड हाय. आन मागं का दडवलं हुतं?”

“तुमच्यासाठीच ठेवलं हुतं.”

“डुप्लिकेट दिसतंय.”

 गोरक्षनाथने दुकानात पुढे मांडलेल्या हलक्या यंत्राचं झाकण उघडलं. “हे बघा. मोकळं हाय. कंपनीनं मोटारच काढलीय.”

छबूबाईने आत हात घातला, मागच्या पत्र्यापर्यंत चाचपला आणि धुळीने माखलेला हात पदराला पुसला. मग पुन्हा मोबाईलमध्ये पाहिलं.

“विजंवर चालतं, व्हय, म्हंतंय.”

“चालत न्हाई, मावशी. खांदा जाईल तुमचा.”

“कंपनी व्हय म्हंती. तुमी न्हाई म्हंता. आन तुमी तर हेडी.”

 तिने हलकं यंत्र टेम्पोत घालायला लावलं.

यंत्राच्या सांगाड्यावर बटण आणि लाल दिवा कंपनीने ठेवले होते. छबूबाई रोज बटण दाबते, दिवा लागतो, चाक हलत नाही. व्होल्टेजच कमी असतं आमच्या वस्तीला, असं ती म्हणते आणि तोवर म्हणून चाक हाताने फिरवते. उजवा हात आता गळ्यात बांधलाय, म्हणून डाव्या हाताने. यंत्राविषयी तिची तक्रार नाही. ‘हलकं आहे, आवाज अजिबात नाही, लाईटबिल येत नाही’ असं भाच्याकडून लिहून घेऊन तिने पाच तारे दिले आहेत. तिचं वाचून इतरांनीही दिले. गोरक्षनाथ येणाऱ्या प्रत्येकाला झाकण उघडून दाखवतो. लोक बघतात, मान डोलावतात आणि पैसे देतात.

हे अतीच झालं असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी खुशाल घोडेगावला यावं. आत हात घालून बघायला कुणाची ना नाही. पण निघण्याआधी तुम्ही दुकान मोबाईलवर शोधणार, तिथं ते पाच तारे दिसणार, आणि इकडे पोचायच्या आत तुमचं यंत्र बुक झालेलं असणार.